फेट्यातला साहेब

मास्तर, आज चार दिवस झाले, मी दुकानात वडिलांच्या फोटोकडे पाठ करून बसतो आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, पंख्याचा वारा लागत नाही म्हणून खुर्ची फिरवली. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली की मी मनातल्या मनात हात जोडत होतो, आणि सहा दिवसांपूर्वी पहिल्यांदा शिवी आली. तोंडाबाहेर पडू दिली नाही, पण आली हे खरं. ज्याला जिना चढणाऱ्याच्या पावलावरून कळतं की हा काम देणार की नुसता भाव विचारून जाणार, पलीकडच्या टेबलावरची कुजबुज ज्याच्या कानातून सुटत नाही, त्या माणसाला तुम्ही अडतीस वर्षं एका फोटोने गंडवलंत. आणि तोही कुणाच्या फोटोने, मास्तर!

काय झालं ते नीट सांगतो. अर्धवट बोललेलं तुम्हाला कधीच चालायचं नाही. आता आपला धंदा तुम्ही पाहिला होता तसा राहिलेला नाही. डार्करूम नाही, फोटो धुवायच्या हायपोचा वास नाही. माळीवाड्यातलं ते दहा बाय बाराचं दुकान वाढत वाढत तीन मजले झालं आणि त्यात माणसापेक्षा उंच मशिनं बसली. वाढदिवस, दशक्रिया, निवडणूक, उरूस, सगळ्याचे फ्लेक्स आमच्याकडे होतात. अर्ध्या जिल्ह्याच्या पुढाऱ्यांना मी गोरं केलंय आणि उरलेल्या अर्ध्यांचे केस काळे केलेत. मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा महिनाभर आम्ही पाट्याच छापत होतो, तोंडात मात्र अजून नगरच येतं. हे सगळं तुमच्या हाताखाली शिकलो त्याच्या जोरावर, हे मी कुठल्याही सत्कारात सांगतो. म्हणजे सांगत होतो.

गेल्या आठवड्यात कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आल्या. सावेडीत राहतात, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. खिशातून पेनड्राईव्ह काढून म्हणाल्या, "काका, एक फोटो चार फूट उंच करून हवाय. कॅम्पाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवतोय. पण एक अट आहे, काही सुंदर वगैरे करू नका. आहे तसा." मी म्हणालो, "ताई, आमच्याकडे आहे तसं कुणी मागतच नाही, तुम्ही पहिल्याच." हसल्या. आमच्या ऑपरेटर ताईंनी फोटो पडद्यावर घेतला. एक इंग्रज लष्करी अधिकारी. फोटो काढायची विद्या आपल्याकडे नुकतीच आली होती त्या काळातला, कंपनी सरकारच्या शेवटाशेवटाचा असावा असं बाईंचं म्हणणं. खुर्चीत बसलेला, दोन रांगा बटणांचा कोट, डावा हात मांडीवर पालथा, उजवा तलवारीच्या मुठीवर. मान अशी ताठ की मी लगेच ओळखलं, मागे लोखंडी चिमटा लावलाय. त्या काळी पाचदहा सेकंद हलायचं नाही, म्हणून मानेला मागून आधार द्यायचे, हे तुम्हीच सांगितलेलं. डोळे मात्र भुताचे असावेत तसे पांढुरके. बाई म्हणाल्या, "विचित्र दिसतात ना?" मी म्हटलं, "निळे असणार. जुन्या काचेवर निळा रंग पांढरा उतरायचा." बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "याचं नाव अजून सापडलेलं नाही. विलायतेत एका घरच्या आल्बमात हा कागद होता, त्यांनी स्कॅन पाठवला. मागे पेन्सिलने फक्त आपल्या नगरचं नाव. ज्या काचेच्या निगेटिव्हवरून हा छापला ती काच कुठे मिळाली तर मी गावजेवण घालीन."

मी ऑपरेटर ताईंना म्हणालो, जरा तोंड मोठं करा, डाग कितपत आहेत बघू. तोंड मोठं झालं. आणि मास्तर, माझी नजर कानावर गेली.

तुम्हाला आठवतं का, मी नवा होतो, विसाव्या वर्षी गाव सोडून नुकता तुमच्याकडे लागलो होतो. कुठल्याशा सरपंचाच्या फोटोचं रिटचिंग तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. मी सुरकुत्या काढल्या, गाल भरले, आणि हौसेने कानाची वाकडी पाळीही सरळ करून टाकली. तुम्ही निगेटिव्हची काच उजेडात धरलीत आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून खिडकीबाहेर फेकलीत. "नाक बदल, हनुवटी बदल, टकलावर केस उगव. कानाला हात लावायचा नाही. माणूस आरशात रोज तोंड बघतो आणि तोंडाने खोटं बोलायला शिकतो. कान कुणी बघत नाही, म्हणून कान खरा राहतो. उद्या याची बायको म्हणेल हा माझा नवराच नव्हे, तेव्हा काय दाखवशील?" मी मुकाट खाली जाऊन पेन्सिल शोधून आणली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी फोटोत आधी कान बघतो.

साहेबाच्या डाव्या कानाच्या वरच्या पाळीला चिमटा काढून सोडून दिल्यासारखी एक मुडप होती. ती मुडप मी अडतीस वर्षं रोज सकाळी वडिलांच्या फोटोला उदबत्ती ओवाळताना पाहतो आहे. आरशात उभा राहून माझ्या कानाला ती आहे का, हे मी तरुणपणी कितीदा शोधलंय. माझ्या नातवाचा कान जन्मतः जरा दुमडलेला होता तर सगळ्या घराने पेढे खाताना म्हटलं, पणजोबांवर गेला! बाई शेजारी उभ्या, मशीन घरघरतंय, आणि मी पडद्यावरच्या कानाला बोट लावलेलं. तेवढ्यात ऑपरेटर ताई, त्या बिचाऱ्या दहा वर्षं त्या भिंतीसमोर बसतात, पडद्याकडे बघून भिंतीकडे बघायला लागल्या. "अगंबाई, दादा, हे तर आपले..." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वाक्य गिळलं. बाईंना मी म्हणालो, "ताई, परवा या." त्या गेल्यावर मी ऑपरेटर ताईंना घरी पाठवलं, शटर अर्धं ओढलं आणि भरदुपारी वडिलांचा फोटो भिंतीवरून उतरवला.

तो फोटो तुम्ही मला दिलात तो दिवस मला घासून पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ दिसतो. दुकानाचा नारळ फुटलेला, आई गावाहून आलेली, नवं लुगडं नेसून एका कोपऱ्यात बसलेली. तुम्ही येता, धोतराचा सोगा हातात, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. सगळ्यांदेखत मला म्हणता, "तुझ्या बापाचा फोटो नाही म्हणून सात वर्षं माझं डोकं खाल्लंस. घे." मी कागद फाडतो. फेटा बांधलेला, मिशा खाली वळवलेल्या, काळ्याभोर डोळ्यांचा, बंद गळ्याचा कोट घातलेला माणूस खुर्चीत बसलाय, डावा हात मांडीवर. तुम्ही सांगता, "नेवाशाकडच्या पाटाच्या खोदाईवर तुझा बाप कामाला होता ना? तिथल्या माणसांचा ग्रुप फोटो माझ्याच हातचा. त्यातून काढला, जरा बरे कपडे चढवले." मी तीन वर्षांचा होतो तेव्हा त्या खोदाईवर तापाने गेलेला माझा बाप मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी फोटो आईसमोर धरला. तिने पदर सारखा केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "व्हय. हेच." मग मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठवेना मला. तुम्ही माझ्या पाठीवर थापटत राहिलात आणि म्हणालात, "पुरे रे, गिऱ्हाइकं बघतायत." तुमचा आवाज तेव्हा चिरकला होता. माझे कान तिखट, मी तो चिरका आवाज ऐकला होता. मला वाटलं, मास्तरांचं प्रेम!

रिटचिंग केलेलं मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. फेटा रंगवलेला होता, कोटाची बटणं झाकलेली होती. पण आपल्याकडे कुणाचा बाप अंगातल्या कपड्यांनिशी भिंतीवर गेलाय? ज्याने जन्मभर कोपरी घातली त्याला आपण मेल्यावर कोट घालायचो. एकदा एका म्हातारीच्या फोटोला चार पदरी बोरमाळ काढली होती तर तिची सून म्हणाली, "आता पाटल्या पन काडा, जिती असताना म्या दिल्या न्हाईत." तुम्ही काढल्यात. हा रिवाजच होता, यात खोटं कुणाला वाटत नव्हतं, आणि मला बापाच्या कोटात वाटलं नाही. पुढे मी त्याच फोटोवरून मोठे फोटो केले. लग्नाच्या पत्रिकांवर छापला. गावच्या शाळेला एक खोली बांधून दिली तिच्यात तीन फुटी लावला. वेशीवर कमान उभारली, तिच्यावर एका अंगाला मारुती आणि एका अंगाला हा. अहो मास्तर, दर पंधरा ऑगस्टला शाळेची पोरं झेंडावंदन करून त्याच्या गळ्यात हार घालतात आणि त्याच्यासमोर इंग्रजांना घालवल्याची भाषणं करतात! हे लिहिताना मला हसू आलं, पण ते हसू चांगलं नाही.

फ्रेम मी टेबलावर पालथी घातली. मागे ठोकलेल्या चुका तुमच्या हातच्या, एकही वाकडी नाही. पुठ्ठा काढला, फोटो काढला, काच काढली. आणि फ्रेमच्या खाचेत लपलेला काचेचा खालचा कोपरा पाहून मी पडद्याकडे गेलो. बाईंच्या स्कॅनमध्ये खाली उजवीकडे एक काळा टवका दिसतो, चंद्रकोरीसारखा, साहेबाच्या बुटाशेजारी. काचेचा कोपरा तिथे उडालेला, तो तसाच छापला गेलाय. माझ्या हातातल्या काचेचा तोच कोपरा, तीच कोर. काच पडद्याला लावून पाहिली. बोटभरही फरक नाही. खाचेत राहिलेल्या कडेवर अजून काळसर थर होता आणि त्यात खुर्चीच्या पायाचा तुकडा. म्हणजे बाई जिच्यासाठी गावजेवण घालणार होत्या ती काच माझ्या हातात होती, पण धुतलेली. तुम्ही साहेबाच्या मूळ काचेवरच फेटा चढवलात, डोळे काळे केलेत, एक फोटो छापलात आणि मग काच खरवडून तीच त्या फोटोवर बसवलीत. पुन्हा कुणाला काही सापडू नये म्हणून. कारागिरी म्हणावी की चोरी, मला कळेना. मी तिथेच खाली फरशीवर बसलो.

काचा धुणं म्हणजे काय हे आजकालच्या पोरांना सांगून पटत नाही. तुमच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्ह काचांची खोकी रचलेली होती. तुमच्या वडिलांनी कॅम्पातल्या कुणा साहेबाच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेल्या जाड काचा, आणि त्यांनी नि तुम्ही नंतर जन्मभर काढलेल्या लग्नांच्या, शाळांच्या, ग्रुपच्या पातळ काचा. फ्रेमची काच तेव्हा वेळेवर मिळायची नाही. मग जुनी काच गरम पाण्यात सोडा घालून बुडवायची, वरचा थर सायीसारखा सुटतो, की झाली फ्रेमची काच. हे काम तुमच्या स्वयंपाकघरात चालायचं, कारण मोठं पातेलं आणि चूल तिथे. मास्तरीणकाकू करवादायच्या, "माझ्या भाताच्या पातेल्यात मेलेल्या माणसांची तोंडं धुताय, कुठे फेडाल!" आणि तरी पाणी त्याच तापवून द्यायच्या. साहेबाच्या स्टुडिओतल्या काचांवर मात्र वार्निश असायचं, सोड्याला दाद द्यायच्या नाहीत, स्पिरिट लावून पात्याने खरवडाव्या लागायच्या. म्हणून त्या मागे राहिल्या. साहेब वाचला तो असा.

त्या दुपारी मी ठरवलं की आईला विचारायचं. ती गावीच असते, पंच्याऐंशीला टेकलीये, नगरला आणली की दोन दिवसांत म्हणते, "हितं मला कोन वळखत न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, फोटो मागच्या सीटवर. पारनेर सोडून गावाच्या रस्त्याला लागलो. कमानीखालून जाताना वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. वरून त्याने माझ्याकडे पाहिलं. ऊन त्याच्या फेट्यावर. मला एकदम आठवलं, कमानीच्या उद्घाटनाला वडिलांच्या वयाचे दोन-तीन म्हातारे आले होते. दोघं म्हणाले, "हुबेहूब, हुबेहूब!" तिसरा डोळ्यांवर हात धरून वर बघत म्हणाला होता, "ह्यानं फेटा कवा बांदला रं? ह्येच्या डोक्याला धड मुंडासं न्हवतं." सगळे हसले, मीही हसलो आणि त्याला चहा पाजला.

आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसलो, इकडचं तिकडचं काही न बोलता फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

"आये, ह्यो फोटो कुनाचा?"

"कुनाचा म्हंजी? तुझ्या बापाचा."

"आये, खरं सांग."

तिचे हात थांबले. "कोन काय बोललं तुला?"

"कोनी न्हाई. मला कळलं. साहेबाचा हाय ह्यो. इंग्रज साहेबाचा."

मला वाटलं होतं ती रडेल नाहीतर माझ्यावर ओरडेल. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाली, "साहेबाचा? गोरा हुता व्हय त्यो? आता मला काय ठावं लेका, फोटूत समदीच काळी-पांढरी." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसताना तिचे खांदे हलत होते, आणि मी तिच्याकडे बघत होतो, कारण तिला माहीत होतं. साहेब ते नव्हे, पण बाप नव्हे हे माहीत होतं. अडतीस वर्षं.

मग तिने सांगितलं. तुम्ही गावी आला होतात. माझं दुकान निघायच्या पंधरा दिवस आधी, उन्हाचे, एसटीने, मला न सांगता. ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यालात आणि वर्तमानपत्रातून चार फोटो काढून तिच्यासमोर मांडलेत. "मास्तर म्हनलं, वैनी, ह्यातलं कोन त्यांच्यावानी दिसतंय तेवढं दावा, बाकी मी करतो. मी ह्यो दावला."

"हाच का पन? तोंड तसं हुतं का बापाचं?"

"तोंड!" आई म्हणाली. तिने हातातली शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. "तवा नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची रीत हुती का रं? सासू चुलीम्होरं, सासरा वट्यावर. त्यो अंदारात यायचा, अंदारात जायाचा. समदी मिळून चार वर्सं माझा संसार, त्यात घरी सा म्हैने असंल. बाकी पाटावर. तोंड मलाच नीट ठावं न्हाई. पाय ठावं हायेत. जेवाय बसला की ह्यो हात असा मांडीवर पालथा टाकायचा. ह्या फोटूतल्यानं तसाच टाकलाय, म्हनून म्या म्हनलं, ह्योच. डोळं तेवढं काळं करा म्हनलं."

मास्तर, मी सासष्ट वर्षांचा आहे. माझे केस पांढरे झालेत, मला शुगर आहे, समाजात चार माणसं मला मानतात. त्या ओट्यावर मला कळलं की माझ्या बापाचं तोंड या जगात कुणालाच माहीत नाही, त्याच्या बायकोलाही नाही. मला तुमचा भयंकर राग आला. मी आईला म्हणालो, मास्तरांनी असं का केलं? नव्हता फोटो तर नव्हता. लाखो माणसांच्या बापांचे नाहीत. आमचंच नशीब वेगळं का दाखवायचं होतं?

आई म्हणाली, "नव्हता कसा? हुता की. पाटावर एक मानूस तिपाई घिऊन आल्ता, समद्या गड्यांना फावडी हातात दिऊन रांगंनं उभं केलं हुतं. तुझ्या बापानं घरी यिऊन सांगितलं हुतं मला, आपला फोटू काडला म्हनून. लई खूश हुता. त्यो तिपाईवाला म्हंजी मास्तरच. त्यांनी हितं बसून सांगितलं, वैनी, दोन काचा हुत्या त्या मानसांच्या, मला पक्कं आठवतंय, त्यात तुमचे मालक असनार. म्हैनाभर समदी खोकी धुंडाळली. काचा न्हाईत. धुवून फ्रेमीला गेल्या. आन एवढा मोठा मानूस हितं डोळं पुसाया लागला. मलाच वंगाळ वाटलं. म्हनलं मास्तर, जाऊ द्या. तर म्हनलं, पोराला ह्ये कवा सांगू नका. त्याच्या जिवाला लागंल."

मास्तर, आईला वाटलं, फोटो नाही म्हणून माझ्या जिवाला लागेल. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला त्या क्षणी कळलं. तुमच्याकडे लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या आधी फ्रेमांची गर्दी झाली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "माळ्यावरची चार खोकी धुवून टाक." तुम्ही कुठल्याशा लग्नाला संगमनेरला गेलात. मी एकटा तीन दिवस तुमच्या स्वयंपाकघरात काचा धूत होतो. हुरूप होता, मास्तर परत आल्यावर खूश झाले पाहिजेत. काच उजेडात धरून बघायचीही तसदी घेत नव्हतो. निगेटिव्हमध्ये माणसांची तोंडं काळी, केस पांढरे, कोण कुणाला ओळखतंय? पण काही काचा आठवतात. शाळेचा एक वर्ग आठवतो. बँडवाले आठवतात. आणि फावडी उभी धरलेल्या माणसांची रांग आठवते. दोन काचा. मला ती फावडी आवडली होती, उलट्या रंगात ती पांढरी शुभ्र दिसत होती, भाल्यासारखी. मी त्या काचा सोड्याच्या पाण्यात सोडल्या आणि काकूंना म्हणालो, "काकू, हे बघा, शिवाजी महाराजांचं सैन्य." काकू हसल्या. थर सुटून वर तरंगला तो मी मोरीत ओतला. त्या काचा कुठल्या तरी घरांत गणपतीवर नाहीतर खंडोबावर बसल्या असतील, अजूनही असतील. त्यांच्यातून बघून कुणी तरी रोज पाया पडत असेल.

तुम्ही हे पाच-सहा वर्षं मनात ठेवलंत की शोधायला लागल्यावर तुमच्या लक्षात आलं, हे मला कधीच कळणार नाही. पण तुम्ही ते माझ्यावर टाकलं नाहीत. त्याऐवजी एका गोऱ्याला फेटा बांधलात. पेन्सिल फेकणारा माणूस, कानाला हात लावायचा नाही म्हणणारा माणूस, आणि त्याने एक सबंध माणूस बदलून टाकला. कान तेवढा तसाच ठेवलात. सवयीने ठेवलात की कधी तरी मला कळावं म्हणून, यावर मी सहा दिवस विचार करतोय. इतका विचार तुमच्या कुठल्या शब्दावर तुम्ही होतात तेव्हाही मी केला नव्हता.

बाईंना चार फुटी साहेब करून दिला. आहे तसा, पांढरे डोळे, चंद्रकोर, सगळं. त्यांनी विचारलं, "काका, तुमचे मास्तर कॅम्पातल्याच स्टुडिओच्या परंपरेतले ना? त्यांच्याकडच्या काचांचं काय झालं?" मी म्हणालो, "बऱ्याच गेल्या. शिल्लक काही दिसलं तर कळवतो." काच अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि फोटो काचेशिवाय पुन्हा भिंतीवर लावलाय. धूळ बसेल, बसू दे. मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे. पंधरा ऑगस्टच्या आत सांगावं लागेल, नाहीतर मला त्या खोलीत उभं राहवणार नाही.

या पत्राला पत्ता नाही, त्यामुळे एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस माझ्यात नाही. निघताना आई काठी टेकत गाडीपर्यंत आली होती. खिडकीशी वाकून म्हणाली, "त्या काचा कुनी धुतल्या असतील रं? असलं कसलं मानूस ते. तोंडं दिसली न्हाईत त्याला?" मी चावी फिरवली, गाडी चालू केली, आणि म्हणालो, "असंल कोन तरी कामाला."